एका रायटरवर चालणारी आरडब्ल्यू डिस्क दुसऱ्यावर का अडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी+आरडब्ल्यू या पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क आता दुकानात शोधाव्या लागतात. पण घरच्या कपाटांतून, साउंड स्टुडिओंतून, छापखान्यांतून त्या अजून निघतात आणि त्यांच्याबरोबर तीच जुनी तक्रारही निघते: "माझ्याकडे चालते, तिकडे चालत नाही." खालचे बहुतेक प्रश्न या एकाच तक्रारीची वेगवेगळी रूपं आहेत. उत्तरं विंडोज धरून दिली आहेत. लिनक्सवर वेगळं काही करायचं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

माझ्या रायटरवर लिहिलेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. दोष डिस्कचा की ड्राइव्हचा?

बहुतेक वेळा एकट्या कोणाचाच नाही. लिहिणारी ड्राइव्ह, डिस्क आणि वाचणारी ड्राइव्ह अशी तिघांची ही जुळणी असते आणि तिघं आपापल्या जागी ठणठणीत असूनही ती फसू शकते. त्यामुळे "डिस्क खराब आहे" असा निकाल देण्याआधी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. तीच डिस्क तिसऱ्या कॉम्प्युटरवर लावा. त्याच रायटरवर दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर तोच डेटा लिहा. जिथे डिस्क उघडली नाही त्या ड्राइव्हमध्ये दुकानातून आणलेली छापील सीडी किंवा डीव्हीडी लावा.

छापील डिस्क चालते, एकदाच लिहिता येणारी डिस्क चालते आणि फक्त आरडब्ल्यू अडते, असं दिसलं तर वाचणाऱ्या ड्राइव्हचं भिंग मळलंय, तिचा लेझर थकलाय किंवा ती मुळात आरडब्ल्यूसाठी बनलेलीच नाही. आरडब्ल्यू सगळीकडे चालतात पण एका ठरावीक रायटरवर लिहिलेल्याच अडतात, असं असेल तर लिहिणाऱ्याकडे बघा. आणि विशिष्ट खोक्यातल्याच डिस्क अडत असतील तर दोन्ही ड्राइव्ह सोडून डिस्कवर काय छापलंय ते नीट वाचा.

एक सूचना: लिहून झाल्यावर त्याच ड्राइव्हमध्ये डिस्क उघडली म्हणजे ती नीट लिहिली गेली, असं धरू नका. स्वतः लिहिलेलं वाचताना ड्राइव्ह बरंच चालवून घेते. खरी परीक्षा दुसऱ्या ड्राइव्हवरच होते.

नाव फक्त "आरडब्ल्यू" आहे. मग एवढे प्रकार कसले?

सीडी-आरडब्ल्यू १९९७ च्या सुमारास बाजारात आली. डीव्हीडीच्या बाबतीत मात्र कंपन्यांचे दोन तट पडले. पायोनियर आणि डीव्हीडी फोरम यांची डीव्हीडी-आरडब्ल्यू १९९९ मध्ये आली. फिलिप्स, सोनी, एचपी वगैरेंच्या गटाची डीव्हीडी+आरडब्ल्यू २००१ मध्ये. दिसायला दोन्ही सारख्या, पण डिस्कच्या पृष्ठभागावरच्या खुणा वेगळ्या. त्यामुळे फक्त एका तटाची ड्राइव्ह दुसऱ्या तटाच्या डिस्कवर लिहू शकत नाही. २००२ मध्ये सोनीने दोन्ही प्रकार लिहिणारी डीआरयू-५००ए ही ड्राइव्ह आणली. पुढे "प्लस-मायनस" दोन्ही चालवणाऱ्या ड्राइव्ह सर्रास झाल्या आणि हा प्रश्न जवळपास मिटला. तुमची ड्राइव्ह २००३ च्या आधीची असेल तर तिच्या तोंडावर छापलेलं चिन्ह आधी बघा.

"कॉम्बो" ड्राइव्ह हा अजून गोंधळ घालणारा प्रकार. ती सीडी लिहिते, पण डीव्हीडी फक्त वाचते. त्या काळच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये हीच असे, आणि तोंडावर डीव्हीडी आणि आरडब्ल्यू अशी दोन्ही चिन्हं असल्यामुळे ती डीव्हीडी-आरडब्ल्यूही लिहील असा समज होतो.

कोरी सीडी-आरडब्ल्यू घातली तरी जुना रायटर "ब्लँक डिस्क घाला" असंच म्हणत राहतो. असं का?

सर्वांत जास्त माणसांना छळणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर बहुधा डिस्कच्या चिन्हाखाली बारीक अक्षरात छापलेलं असतं.

सीडी-आरडब्ल्यूचे वेगाप्रमाणे वर्ग आहेत. मूळ वर्ग सीडीच्या मूळ वेगाच्या १ ते ४ पट. त्यानंतर "हाय स्पीड" आला. त्याच्या खोक्यावर ४ ते १० किंवा ४ ते १२ पट असं असतं. मग "अल्ट्रा स्पीड", १६ ते २४ पट. नियम एकाच दिशेने चालतो. अल्ट्रा स्पीड रायटर तिन्ही वर्गांच्या डिस्कवर लिहितो, हाय स्पीड रायटर खालच्या दोन वर्गांवर आणि जुना ४ पटीचा रायटर फक्त पहिल्या वर्गावर. जुन्या रायटरमध्ये अल्ट्रा स्पीड डिस्क घातली तर ती त्याच्या लेखी लिहिण्यालायक डिस्कच नसते. सॉफ्टवेअर बिचारं "ब्लँक डिस्क घाला" एवढंच सांगू शकतं. वाचण्याला सहसा हे बंधन नसतं, म्हणूनच तीच डिस्क नव्या रायटरवर लिहून आणली तर जुन्यावर उघडतेही.

"मग मी सॉफ्टवेअरमध्ये वेग कमी करतो की," असं म्हणून भागत नाही. त्याचं कारण डिस्कच्या आत आहे. या डिस्कमध्ये चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेलुरियम यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लेझरने तो ठिपक्यापुरता वितळतो. झटकन थंड झाला तर अणू विस्कटलेल्या अवस्थेतच गोठतात आणि तिथून प्रकाश कमी परततो; सावकाश थंड झाला तर स्फटिक बनतात आणि प्रकाश जास्त परततो. साखरेचा पाक झटकन गार केला तर काचेसारखा होतो आणि हळूहळू निवला तर त्यात साखर बसते, तसंच. वेगवान डिस्कसाठी हा थर मुद्दाम असा बनवतात की तो चटकन स्फटिक होईल, कारण डिस्क भरभर फिरताना पुसायला वेळच कमी मिळतो. अशी डिस्क हळू फिरवली की वितळलेल्या ठिपक्याजवळ उष्णता रेंगाळते आणि खूण गोठण्याआधीच पुन्हा स्फटिक होऊन बसते. लिहिलं आणि पुसलं, दोन्ही एकदम. म्हणून वर्ग वेगळे ठेवले गेले आणि जुन्या रायटरने नकार देणं हेच बरोबर आहे.

उलट बाजूनेही अडचण येते. पुढच्या काळातल्या अनेक रायटरची सीडी-आरडब्ल्यूवर लिहिण्याची सर्वांत कमी गती ४ पट आहे. अगदी सुरुवातीच्या, फक्त १ किंवा २ पट छापलेल्या डिस्क त्यांच्यावर अडतात. दोन वेगवेगळ्या वयाचे रायटर एकच डिस्क फिरती ठेवून वापरणार असतील, तर दोघांनाही मानवणारा वर्ग निवडायला हवा. एक ४ पटीचा आणि दुसरा ५२ पटीचा असेल तर "१ ते ४" छापलेली साधी सीडी-आरडब्ल्यू घ्या आणि दोन्हीकडे ४ पटीनेच लिहा.

डीव्हीडीतही असे वर्ग आहेत का?

आहेत, फक्त खोक्यावर तितक्या ठळकपणे सांगितलेले नसतात. डीव्हीडी+आरडब्ल्यू २.४ पटीपासून सुरू झाली. ८ पटीची डीव्हीडी+आरडब्ल्यू हा वेगळा वर्ग आहे आणि ४ पटीपर्यंतच्या रायटरवर ती लिहिता येत नाही. ६ पटीच्या डीव्हीडी-आरडब्ल्यूची जुन्या रायटरवर तीच गत होते. नव्या ड्राइव्हवर मात्र जुन्या ४ पटीच्या डिस्क बहुधा मुकाट चालतात.

याहून गंभीर प्रकारही एकदा घडला होता. पायोनियरच्या सुरुवातीच्या डीव्हीडी रायटरमध्ये नव्या, जास्त वेगाच्या डिस्क घातल्या तर डिस्क आणि ड्राइव्ह दोन्ही बिघडू शकतात, असा इशारा २००२ च्या अखेरीस खुद्द कंपनीनेच दिला आणि फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं, तिला चालवणारं सॉफ्टवेअर) बदलून घ्यायला सांगितलं. तशी ड्राइव्ह आज कोणाच्या हाती लागली तर नव्या डिस्क घालण्याआधी तिची फर्मवेअर आवृत्ती तपासा.

गाडीतला प्लेअर किंवा जुनी सीडी-रॉम ड्राइव्ह सीडी-आरडब्ल्यू ओळखतच नाही.

ती ओळखणारही नाही. छापील सीडीवरून किमान ७० टक्के प्रकाश परततो. सीडी-आरडब्ल्यूवरून १५ ते २५ टक्के. एवढ्या मंद परतीसाठी ड्राइव्हमध्ये वेगळी सोय लागते. १९९७ मध्ये ओस्टा या संघटनेने "मल्टीरीड" हे मानक आणलं, त्यानंतरच्या ड्राइव्हमध्ये ती सोय आली. त्याआधीच्या ड्राइव्ह आणि बरेच जुने ऑडिओ प्लेअर यांच्यासाठी साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आर वापरा. दुसरा इलाज नाही.

डीव्हीडी+आरडब्ल्यू कॉम्प्युटरवर चालते, टीव्हीच्या प्लेअरवर नाही. "बुक टाइप" बदला असं कोणीतरी म्हणालं.

त्यांनी बरोबर सांगितलं. डिस्कच्या सुरुवातीला ती कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी छोटी नोंद असते, तिला बुक टाइप म्हणतात. काही प्लेअर ती नोंद वाचतात, "हा प्रकार आपल्या यादीत नाही" म्हणतात आणि डिस्क परत करतात, जरी वाचण्याची ताकद त्यांच्यात असली तरी. डीव्हीडी+आरडब्ल्यूवर ही नोंद बदलून "डीव्हीडी-रॉम" करता येते. इमेजबर्न या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, निरो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही होती, मात्र ड्राइव्हनेही तिला परवानगी द्यावी लागते. डीव्हीडी-आरडब्ल्यूवर हे जमत नाही, कारण तिथली नोंद कारखान्यातच कोरलेली असते.

दुसरा घोटाळा प्रकाशाचा. आरडब्ल्यू डीव्हीडीवरून साधारण १८ ते ३० टक्के प्रकाश परततो. दोन थरांच्या छापील डीव्हीडीचंही तेवढंच असतं. काही जुने प्लेअर आरडब्ल्यूला दोन थरांची समजून नसलेला थर शोधत बसतात.

तिसरी गोष्ट म्हणजे डिस्कवर फारच थोडा डेटा असणं. काही जुने वाचक अशा डिस्कवर अडखळतात. निरोमध्ये "कमीत कमी १ जीबी लिहा" असा पर्याय दिला होता तो यासाठीच.

पेन ड्राइव्हसारख्या फाइल ओढून टाकल्या. दुसरीकडे डिस्क रिकामी दिसते!

डिस्क रिकामी नाही, समोरच्या कॉम्प्युटरला तिची मांडणी कळत नाहीये. अशा ओढून टाकलेल्या फाइल लिहिण्याला पॅकेट रायटिंग म्हणतात. विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात डायरेक्टसीडी आणि इनसीडी ही दोन सॉफ्टवेअर हे काम करत. डिस्क आधी फॉरमॅट करायची, मग फाइल ओढायच्या, नको त्या पुसायच्या. सोय चांगली होती, पण किंमतही होती: ६५० एमबीच्या सीडी-आरडब्ल्यूवर फॉरमॅटनंतर जेमतेम ५३० एमबी उरायची, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती डिस्क वाचायला वेगळं रीडर सॉफ्टवेअर टाकावं लागायचं.

या डिस्कवर यूडीएफ नावाची फाइल मांडणी असते आणि तिच्याही आवृत्त्या आहेत. विंडोज ९८ ला १.०२ कळते, विंडोज २००० ला १.५० पर्यंत, एक्सपीला २.०१ पर्यंत, व्हिस्टाला आणि पुढच्यांना २.५०. म्हणजे व्हिस्टा किंवा विंडोज ७ वर २.५० निवडून फॉरमॅट केलेली डिस्क एक्सपीवर उघडणार नाही, रायटर कितीही चांगला असो. डिस्क जुन्या कॉम्प्युटरवर न्यायची असेल तर फॉरमॅट करताना आवृत्तीच्या यादीतून १.५० किंवा १.०२ निवडा.

विंडोज ७ पासून आजपर्यंत कोरी डिस्क घातली की एक प्रश्न येतो: डिस्क कशी वापरणार, "यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी" की "सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी"? पहिला पर्याय घेतला की यूडीएफ, दुसरा घेतला की सगळ्यांना वाचता येणारी जुनी पद्धत. दुसऱ्या कोणाला द्यायच्या डिस्कसाठी दुसराच पर्याय घ्यावा असं माझं ठाम मत आहे. आरडब्ल्यूवर एक-दोन फाइल बदलण्यासाठी सगळी डिस्क पुन्हा लिहावी लागते हे खरं, पण समोरच्याला फोन करून "उघडली का?" विचारावं लागत नाही.

पहिल्या पर्यायाने लिहिलेली डिस्क काढताना ड्राइव्हचं बटण दाबू नका. विंडोजमधूनच "इजेक्ट" म्हणा आणि ती आपली आवराआवर करेपर्यंत थांबा.

माउंट रेनियर किंवा ईझीराइट असं लिहिलेल्या ड्राइव्हवर फॉरमॅट केलेली डिस्क हा याच घराण्यातला आणखी हट्टी प्रकार. तो ज्या ड्राइव्हला कळत नाही तिच्यावर खास सॉफ्टवेअरशिवाय फाइल दिसत नाहीत. अशा डिस्कवरचा डेटा तसल्याच ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि डिस्क साध्या पद्धतीने पुन्हा लिहा.

फाइल दिसतात, पण मराठी नावांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं.

जुन्या पद्धतीच्या मूळ मांडणीत, म्हणजे आयएसओ ९६६० मध्ये, फाइलच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा चालते. देवनागरी नावं ठेवायची तर सॉफ्टवेअरमध्ये "जोलिएट" चालू हवं. त्यात ६४ अक्षरांपर्यंतची युनिकोड नावं मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी मोजली जाते, हे लांबलचक नावं देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. ४ जीबीहून मोठी एकच फाइल असेल तर यूडीएफ निवडा.

नाव नीट दिसतं पण आतला मजकूर वाचता येत नाही, तर तो डिस्कचा प्रश्नच नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर अशाच दिसतात. छापखान्यांच्या जुन्या सीडींमध्ये हे हमखास भेटतं, आणि दोष उगाच डिस्कच्या माथी मारला जातो.

"फायनलाइझ" करणं गरजेचं आहे का?

सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा प्लेअरवर न्यायची असेल तर हो. फायनलाइझ म्हणजे लिहून झाल्यावर डिस्क रीतसर बंद करणं. सेशन, म्हणजे एका वेळी लिहिलेला भाग, उघडंच राहिलं तर लिहिणाऱ्या ड्राइव्हला डिस्क दिसते आणि साध्या वाचणाऱ्या ड्राइव्हला दिसत नाही. टीव्हीला जोडायच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर हे फार घडतं. लग्नाचं शूटिंग किंवा टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड केला, डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली, काहीच नाही. ती त्याच रेकॉर्डरवर फायनलाइझ करून आणा. रेकॉर्डर बिघडला असेल तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर उघड्या सेशनमधूनही व्हिडिओ काढू शकतं, मात्र ड्राइव्हने डिस्कचा तो भाग वाचायला हवा.

आरडब्ल्यू फायनलाइझ केली म्हणजे कायमची बंद झाली असं नाही. पुसली की पुन्हा कोरी.

दुसऱ्या रायटरवर लिहिलेली डिस्क माझ्या रायटरवर पुसलीच जात नाही.

आधी हे बघा की ती पुसण्यासारखी आहे का. डीव्हीडी+आरडब्ल्यूला "पुसणं" ही कल्पनाच लागू नाही. ती एकदा फॉरमॅट होते आणि मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. काही जुनी सॉफ्टवेअर तिला "कोरी नाही" म्हणून नाकारतात. तिथे "ओव्हरराइट" किंवा "फॉरमॅट" असा पर्याय शोधा.

सीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-आरडब्ल्यू दोन तऱ्हांनी पुसतात. झटपट पुसण्यात फक्त अनुक्रमणिका जाते. पूर्ण पुसण्यात सगळा थर पुन्हा स्फटिक होतो, आणि वेळही तसाच लागतो: ४ पटीने सीडीला वीसेक मिनिटं, १ पटीने डीव्हीडी-आरडब्ल्यूला जवळजवळ तास. दोन रायटरमध्ये फिरणारी डिस्क वेडंवाकडं वागायला लागली की आधी पूर्ण पुसा. वेगवेगळ्या लेझरनी वेगवेगळ्या ताकदीने लिहिलेल्या खुणा एकमेकींच्या अंगावर राहिल्या की वाचणाऱ्याला त्रास होतो, आणि निम्म्या तक्रारी एवढ्यानेच थांबतात.

डीव्हीडी-आरडब्ल्यूबद्दल एक बारीक गोष्ट. झटपट पुसलेल्या डिस्कवर सगळा डेटा एका दमात लिहावा लागतो; थोडं आज, थोडं उद्या असं जमत नाही. लिनक्सवर डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू टूल्स वापरणाऱ्यांना हे नकार मिळून कळतं. टप्प्याटप्प्याने लिहायचं तर पूर्ण पुसा.

अजिबात पुसली जात नसेल तर ज्या रायटरवर लिहिली तिथेच पुसून आणा. शेवटच्या ड्राइव्हला न जुमानणारी डिस्क पहिल्या ड्राइव्हचं ऐकते, असं बरेचदा घडतं.

तोच इमेज (पूर्ण डिस्कची एका फाइलमधली नक्कल) डीव्हीडी-आरडब्ल्यूवर मावला, डीव्हीडी+आरडब्ल्यूवर मावत नाही.

दोन्हींवर ४.७ जीबी लिहिलेलं असलं तरी डीव्हीडी-आरडब्ल्यूची क्षमता ४,७०,७३,१९,८०८ बाइट आहे आणि डीव्हीडी+आरडब्ल्यूची ४,७०,०३,७२,९९२. फरक जवळपास ६९ लाख बाइटचा. काठोकाठ भरलेला इमेज तेवढ्यावरून अडतो. विंडोज हीच क्षमता ४.३८ जीबी दाखवतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

फर्मवेअर बदलल्याने खरंच फरक पडतो?

डिस्क नवी आणि ड्राइव्ह जुनी असेल तर पडतो. प्रत्येक डिस्कवर बनवणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक असतो. ड्राइव्ह तो वाचते आणि आपल्या फर्मवेअरमधल्या यादीतून लेझरची ताकद नि स्पंदनांचा ताल निवडते. क्रमांक यादीत नसेल तर ती अंदाजाने किंवा अगदी कमी वेगाने लिहिते, नाहीतर सरळ नकार देते. फर्मवेअरची नवी आवृत्ती ही यादी वाढवते.

खोक्यावरच्या नावावर मात्र जाऊ नका. एकाच ब्रँडच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या कारखान्यांच्या डिस्क निघू शकतात. नोएडाच्या मोझर बेअरच्या डिस्क आपल्याकडे त्याच नावाने घरोघरी होत्या, शिवाय ती कंपनी इतर ब्रँडसाठीही डिस्क बनवत असे. रिको, मित्सुबिशी, सीएमसी, रायटेक ही नावं बाहेर क्वचित दिसतात, सांकेतिक क्रमांकात मात्र सतत. इमेजबर्नच्या उजव्या बाजूच्या चौकटीत हा क्रमांक दिसतो. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या डिस्कचे क्रमांक शेजारी ठेवून बघितले की अर्धा उलगडा होतो.

फर्मवेअर फक्त आपल्याच मॉडेलचं टाका, आणि वीज जाण्याची शक्यता असताना तर मुळीच नको. मध्येच बंद पडलेली ड्राइव्ह सहसा परत उठत नाही.

लॅपटॉपला लावायचा बाहेरचा यूएसबी रायटर डिस्क वाचतो, पण लिहिताना किंवा पुसताना अडतो.

विजेचा तुटवडा. यूएसबी २ चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. स्लिम रायटर लिहिताना क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त ओढू शकतो. वाचायला लेझरला थोडी ताकद पुरते, थर वितळवायला पुरत नाही. दोन तोंडांची यूएसबी वायर लावा किंवा स्वतःची वीज असलेला हब वापरा. लांब एक्स्टेंशन वायर काढून टाका. डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरा.

हे एरर संदेश काय सांगतात?

"पॉवर कॅलिब्रेशन एरर": लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या राखीव पट्ट्यात लेझरच्या वेगवेगळ्या ताकदी आजमावते, आणि इथे एकही जमली नाही. अनोळखी डिस्क, मळकं भिंग, थकलेला लेझर किंवा वर सांगितलेली अपुरी वीज. वेग बदलून बघा, मग डिस्कचा ब्रँड.

"इनकम्पॅटिबल मीडियम" किंवा "कॅनॉट रीड मीडियम, इनकम्पॅटिबल फॉरमॅट": डिस्कचा प्रकार किंवा वेगाचा वर्ग ड्राइव्हला मान्य नाही. पुसून उपयोग नाही.

"मीडियम नॉट प्रेझेंट": डिस्क आत असून ड्राइव्हला दिसत नाही. डिस्क मऊ कापडाने स्वच्छ करा, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. मग भिंग.

"लॉजिकल युनिट कम्युनिकेशन सीआरसी एरर": डिस्कचा काही संबंध नाही. वायर बदला. जुन्या चपट्या आयडीई वायरवर हे नेहमीचं होतं, आणि अशा चुका साठल्या की एक्सपी ड्राइव्हला गुपचूप संथ पद्धतीवर टाकत असे.

डीव्हीडी-रॅम?

हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीचाच आणखी एक प्रकार. एक लाख वेळा लिहिता येते, डेटा सांभाळायला उत्तम, आणि नेमकी दुसऱ्याला द्यायला वाईट, कारण ती वाचणाऱ्या ड्राइव्ह कमी. ड्राइव्हवर "सुपर मल्टी" लिहिलेलं असेल तर चालेल.

आरडब्ल्यू डिस्क खरंच हजार वेळा लिहिता येते?

सुमारे हजार हा आकडा सीडी-आरडब्ल्यू आणि दोन्ही डीव्हीडी-आरडब्ल्यूसाठी सांगितला जातो, पण तो चांगल्या परिस्थितीतला. पॅकेट रायटिंगमध्ये फाइलची यादी असलेली तीच जागा वारंवार लिहिली जाते, त्यामुळे ती आधी झिजते. डिस्कचं आयुष्य त्याहून जास्त उन्हाने कमी होतं. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या आरडब्ल्यूवर विसंबू नये. उष्णतेनेच ती लिहिली जाते, आणि उष्णतेनेच पुसली जाते. कायमचं काही ठेवायचं असेल तर आरडब्ल्यूवर ठेवू नका. ती ने-आण करण्यासाठी आहे.

जुन्या आरडब्ल्यूवर महत्त्वाचं काही आहे आणि ती आता कुठेच उघडत नाही. काय करू?

विंडोज "डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा" असं विचारेल. "कॅन्सल" दाबा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण त्या एका होकाराने उरलासुरला डेटाही जातो.

मग डिस्क ज्या रायटरवर लिहिली तो शोधा, कोणाच्या माळ्यावर पडला असेल तरी. तो नसेल तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन-तीन ड्राइव्ह गोळा करा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या ड्राइव्हची चौकशी करायला हरकत नाही. एका ड्राइव्हला न दिसणारा भाग दुसरीला दिसतो.

फाइल एकेक करून कॉपी करू नका, आधी पूर्ण डिस्कचा इमेज घ्या. विंडोजवर आयसोबस्टर, लिनक्सवर डीडीरेस्क्यू. डीडीरेस्क्यूची एक खुबी इथे फार कामाला येते. कुठले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे तुकडे) वाचून झाले आणि कुठले राहिले याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. पहिल्या ड्राइव्हवर जमेल तेवढं वाचून घ्या, मग डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅप फाइल आणि तोच इमेज पुढे चालू करा. दुसरी ड्राइव्ह फक्त राहिलेले सेक्टर वाचते आणि इमेजमधली भोकं बुजवते. वाचण्याचा वेग कमी ठेवा, आणि ड्राइव्ह तापली की थोडा वेळ थांबा. इमेज तयार झाला की फाइल काढण्याचे सगळे प्रयोग त्याच्या प्रतीवर करा.